आप्पांच्या केमोसाठी कल्याणहून, मावशीच्या घरून, परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचंय. आम्ही पाचोऱ्याचे, लोकलमध्ये कधी बसलो नाही. सकाळची गर्दी झेपेल का?

झेपेल भाऊ. फक्त सगळे ज्या लोकलकडे धावतात, तिच्याकडे तुम्ही धावायचं नाही. मी चाळीसगावचा. बहीण कल्याण पूर्वेला राहते, त्यामुळे कल्याण-परळ हा रस्ता मला पाठ झालाय, आणि तोही बहुतेक वेळा दवाखान्यापायीच.

आधी गर्दीचं सांगतो. आपल्या स्टँडवर एसटी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकतो आणि मग सावकाश चढतो. कंडक्टर ओरडतो, पण गाडी उभी असते. लोकल मधल्या स्टेशनवर जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात उतरणारे आणि चढणारे एकाच दारात भिडतात. ऐन वेळच्या या गर्दीला रेल्वेवाले ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. केमो चालू असलेल्या माणसाला त्यात घालायचंच नाही.

त्यावर उपाय म्हणजे कल्याणहूनच सुटणारी स्लो, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणारी लोकल. कसारा, कर्जत, बदलापूरकडून येणाऱ्या गाड्या कल्याणला येतात त्याच भरून. कल्याणहून सुटणारी मात्र फलाटावर रिकामी लागते, जरा आधी जाऊन उभे राहिलात तर आप्पांना बसायला मिळतं. फलाटावरच्या इंडिकेटरवर स्लोला ‘एस’ आणि मोजक्याच स्टेशनांवर थांबणाऱ्या फास्टला ‘एफ’ असतं. लोक सांगतील, फास्टने जा, वेळ वाचेल. ऐकू नका. फास्ट परळला थांबतच नाही. दादरला उतरून गाडी बदलायची म्हणजे आप्पांना घेऊन जिना चढा, पूल ओलांडा, पुन्हा त्याच गर्दीत शिरा. स्लोने सव्वा तासाच्या आसपास लागतो, पण बसून. साडेसहाच्या आत निघालात तर फारच बरं. साडेसातनंतर डोंबिवली, दिवा, ठाणे करत डबा असा भरतो की परळला दारापर्यंत पोचणंच अवघड. म्हणून बसलेले असलात तरी दादर यायच्या आधीच उठा आणि पुढच्या माणसाला विचारा, “परळ उतरणार का?” तो नाही म्हणाला तर स्वतःच बाजूला होऊन तुम्हाला पुढे घेतो. मुंबईचा माणूस बोलायला रुक्ष वाटतो, पण या बाबतीत त्याच्याइतका शिस्तीचा दुसरा नाही.

आता बाहेरगावच्या माणसाला सहसा माहीत नसतं ते. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो आणि त्यातून कर्करुग्णांनाही जाता येतं. टाटाची फाईल पिशवीच्या तळाशी ठेवू नका, हातात ठेवा. कुणी हटकलं तर दाखवायची. हा डबा फलाटावर नेमका कुठे येतो, तिथे खूण असते. दिसली नाही तर कुणालाही विचारा. कल्याणच्या फलाटावर विचारायला गेलात तर दहातले दोघे-तिघे आपल्याकडचेच निघतील, अहिराणीत उत्तर मिळालं तर चकित होऊ नका.

एसी लोकलची दारं बंद होतात, हे खरं. पण तिकीट महाग, फेऱ्या कमी, आणि सकाळी तिथेही उभंच राहावं लागतं. तिच्यासाठी वेळापत्रक जुळवत बसू नका.

आप्पांना जागा मिळाली की तुम्ही हवेसाठी दाराशी जाऊन उभे राहाल, म्हणून सांगतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. आत सरका, आणि पाठीवरची सॅक छातीवर घ्या. मोबाईल पँटच्या मागच्या खिशात नको.

सामान मावशीकडे ठेवा. सोबत फाईल, पाणी, डबा आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी असू द्या, केमोनंतर मळमळ झाली तर लागते. तिकीट सकाळीच रिटर्न काढा, म्हणजे परत येताना रांगेत उभं राहावं लागत नाही. मोबाईलवर रेल्वेचं रेलवन ॲप टाकलंत तर तिकीट खिडकीकडे जायचीही गरज नाही.

परतीचं गणित उलटं असतं. संध्याकाळी पाचनंतर सगळी मुंबई कल्याणकडे निघते, म्हणून हॉस्पिटलातलं काम आटोपलं की चार वाजायच्या आत स्टेशन गाठा. मार्च २०१९ पासून परळहूनच सुटणाऱ्या काही लोकल आहेत. इंडिकेटरवर परळहून सुटणारी कल्याण दिसली, तर आधीची भरलेली गाडी खुशाल सोडून द्या. आणि काम लांबून सहा-सात वाजलेच, तर लोकलचा हट्ट धरू नका. आप्पांना कॅन्टीनमध्ये काहीतरी खाऊ घाला, नऊ वाजू द्या, मग निघा.