डीएपी खत दरवर्षी टाकतो, तरी माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कमीच येतं. पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि मायकोरायझा (मुळांत वसणारी उपयुक्त बुरशी) यांनी फरक पडेल का?

पडेल, पण ही दोन्ही जमिनीत आधीच असलेलं स्फुरद पिकापर्यंत पोचवतात, नवं तयार करत नाहीत. मराठवाड्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास किंवा वर असतो. तिथे डीएपीतलं बरंचसं स्फुरद कॅल्शियमशी बांधलं जातं. पीएसबीचे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून त्यातलं काही मोकळं करतात. मायकोरायझाचं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. स्फुरद मातीत जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे मुळाला चिकटून असलेला एक-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकर रिकामा होतो. बुरशीचे तंतू मुळावरच्या केसांहूनही बारीक असतात. ते त्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणतात आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतात. तूर, सोयाबीन, कापूस, ज्वारी यांच्या मुळांत ही बुरशी वसते, कोबी-मोहरीत नाही. बियाण्याला बुरशीनाशक आधी, पीएसबी सगळ्यात शेवटी, सावलीत लावा आणि लगेच पेरा. मात्र डीएपी भरमसाट चालू ठेवलं तर मायकोरायझा मुळात फारशी शिरतच नाही, म्हणून मात्रा माती परीक्षणानुसारच ठरवा.