पृथ्वीकडे पाहून सूर्याचे मोजमाप

प्रश्न : सूर्याची तीव्र अतिनील, म्हणजे ईयूव्ही किरणे मोजण्यासाठी काही उपग्रह सूर्याऐवजी पृथ्वीच्या वातावरणाची दीप्ती पाहतात, असे वाचले. हे कसे शक्य होते? आपले आदित्य-एल१ हे काम करते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ही किरणे जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत, ती उंचावरच्या विरळ वातावरणात शोषली जातात. त्या वेळी ऑक्सिजनच्या अणूंतून आणि नायट्रोजनच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात, आणि पुरेशी ऊर्जा असलेले हे इलेक्ट्रॉन इतर अणुरेणूंवर आदळून त्यांना उत्तेजित करतात. मग ऑक्सिजन १३५.६ नॅनोमीटरवर, तर नायट्रोजन लायमन-बर्ज-हॉपफील्ड या नावाच्या पट्ट्यांत प्रकाश सोडतो. डोळ्यांना न दिसणारी ही दिवसाची दीप्ती मूळ किरणांच्या ऊर्जेनुसार कमीजास्त होत असल्यामुळे तिच्यावरून उलटे गणित मांडता येते.

खरी अडचण पुढेच आहे. भूचुंबकीय वादळानंतर, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मोठी खळबळ उडाल्यानंतर, बऱ्याच भागांत नायट्रोजनच्या तुलनेत ऑक्सिजन घटतो, आणि सूर्य जसाच्या तसा असूनही १३५.६ची चमक मंदावते. म्हणून दोन्ही उत्सर्जने एकदम मोजतात. दोन्हींना एकाच इलेक्ट्रॉनांचा मारा कारणीभूत असल्याने त्यांच्या गुणोत्तरावर सूर्याच्या तीव्रतेचा परिणाम फारसा होत नाही. त्यातून घटकांचे प्रमाण कळते, आणि ते कळले की प्रत्यक्ष तेजस्वितेवरून सूर्याकडून आलेली ऊर्जा काढता येते. सुमारे ४५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या किरणांच्या या एकत्रित ऊर्जेला क्यूईयूव्ही म्हणतात. त्याहून लांब तरंगलांबीची किरणेही इलेक्ट्रॉन मोकळे करतात, पण त्या इलेक्ट्रॉनांत फारशी ऊर्जा उरत नाही.

नासाच्या डिसेंबर २००१ मध्ये सोडलेल्या टाइम्ड उपग्रहावर दीप्ती पाहणारे गुव्ही आणि थेट सूर्याकडे पाहणारे सी, अशी दोन्ही उपकरणे होती, त्यामुळे दोन मार्गांची उत्तरे ताडून पाहता आली. माझ्या मते या पद्धतीचे मोल अशा पडताळणीतच आहे. सूर्याकडे रोखलेल्या उपकरणांची संवेदनशीलता त्या किरणांच्या माऱ्याने हळूहळू घटते, आणि नासाच्या एसडीओ या सूर्यनिरीक्षक उपग्रहावरील ईव्हसारख्या उपकरणाचे अंशांकन, म्हणजे त्याची मापे बरोबर येतात की नाही, हे तपासण्यासाठी अधूनमधून रॉकेट सोडावे लागते. दीप्ती पाहणाऱ्या उपकरणाला मात्र मंद प्रकाशच मोजायचा असतो आणि त्याचे अंशांकन ताऱ्यांवरून तपासता येते. अर्थात त्याला सूर्याचा वर्णपट मिळत नाही. मिळते ती बेरीज, आणि तीही इलेक्ट्रॉनांच्या टकरींविषयी प्रयोगशाळेत काढलेल्या आकड्यांवर विसंबून. ते आकडे सुधारले की क्यूईयूव्हीही बदलते. रात्री आणि ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात तर हे गणित लागूच पडत नाही.

आदित्य-एल१ हे काम करत नाही. त्यावरील, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने घडलेली सूट ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत सूर्य पाहते, तर सोलेक्स आणि हेलिओस ही उपकरणे क्ष-किरण मोजतात. या दोहोंमधला ईयूव्हीचा पट्टा त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो.