प्रायश्चित्त 'द्या' म्हणणं चूक आहे का?

एका ताईंनी विचारलंय, की त्यांनी जुना कृष्णधवल मराठी पिक्चर बघितला, त्यात थोरला भाऊ धाकट्याची जमीन गिळतो आणि शेवटी म्हाताऱ्या वडिलांच्या पायाशी बसून म्हणतो, "आबा, मला प्रायश्चित्त द्या." तर प्रायश्चित्त आपलं आपण करतो ना, मग 'द्या' कसं, की त्याला शिक्षाच म्हणायचंय?

ताई, ते 'द्या' अगदी अस्सल आहे. 'करणं'ही चालतं, पण मराठीत मुरलेली जोडी देणं-घेणं हीच. जाणता माणूस देतो, चुकलेला घेतो. आमच्या पंचवटीतल्या घरी लहानपणी काकाच्या हातून दार लागून मांजरीचं पिल्लू मेलं, सगळे म्हणायला लागले आता काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागणार, तर आजी त्याला एवढंच म्हणाली, "जा, गुरुजींना प्रायश्चित्त विचारून ये." गुरुजींनी दिलं, काकानं घेतलं, महिनाभर एक वेळ जेवला. काकाला कुणी 'शिक्षा भोगतोय' म्हटलं नाही, कारण शिक्षा नको असली तरी होते, प्रायश्चित्त मागून घ्यावं लागतं.

आपल्या नाशिकजवळच्या आनंदवलीला ज्यांचा मुक्काम असायचा ते राघोबादादा बघा. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, म्हणजे काका-पुतण्या, घरातलंच पाप, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरा मार्ग नाही असं सांगितलं. शब्द बघा, देहदंड नाही म्हणाले शास्त्री, प्रायश्चित्त म्हणाले. जुन्या ग्रंथांत प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय अशी फोड दिलेली आहे, म्हणून लिहिताना शेवटी दोन त, 'प्रायश्चित' नाही.

पश्चात्ताप वेगळा. पश्चात् अधिक ताप, मागाहून होणारी जळजळ, तिथेही दोन त. तो कुणी देत नाही नि कुणी घेत नाही, तो आपोआप होतो. तुमच्या पिक्चरमधल्या थोरल्याला तो आधीच झालेला असणार, नाहीतर तो आबांकडे आलाच नसता. आता तो मागतोय ती परत येण्याची वाट, कारण प्रायश्चित्त घेतलेल्याला पूर्वी पुन्हा पंगतीत घ्यायचे. म्हणून मला एक सांगाल का, शेवटच्या सीनमध्ये दोघे भाऊ शेजारी शेजारी जेवायला बसतात का?