अंध व्यक्तीने घरी एकटं असताना अचानक गप्प झालेला कॉम्प्युटर कसा तपासावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला अजिबात दिसत नाही, काल संध्याकाळपासून डेस्कटॉपचा पंखा फिरतोय पण एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारा आपला स्क्रीन रीडर) बोलत नाही, घरात डोळस कोणी नाही आणि दुरुस्तीवाला सोमवारशिवाय येणार नाही. मीही जन्मांध आहे, रत्नागिरीत राहतो. हा प्रसंग माझ्यावर इतक्यांदा आलाय की तुमची घालमेल मला नीट समजते. डोळसांचं मशीन बिघडलं तर निदान पडद्यावर काहीतरी लिहून येतं. आपलं मशीन मात्र बिघडताना बोलणंच बंद करतं.

म्हणून आधी एवढंच ठरवा: मशीन बंद पडलंय की फक्त आवाज गेलाय? माझी खात्रीची खूण म्हणजे कॅप्स लॉकचा दिवा. फोनवर प्रकाश ओळखणारं अ‍ॅप उघडा (मी सीइंग एआय वापरतो, उजेड वाढला की त्याचा सूर चढतो). खोलीतले दिवे घालवा, फोनचा कॅमेरा कीबोर्डवरच्या दिव्याच्या अगदी जवळ धरा आणि कॅप्स लॉक दोनचारदा दाबा. सूर बदलत असेल तर आत कोणीतरी जागं आहे.

जागं असेल तर कंट्रोल ऑल्ट एन दाबून एनव्हीडीए पुन्हा सुरू करा. नाही बोललं, तर विंडोज कंट्रोल एंटर दाबून नॅरेटर, म्हणजे विंडोजचाच स्क्रीन रीडर, सुरू करा. दोघंही गप्प असतील तर दोष बहुधा आवाजाच्या वाटेत आहे. इथे एक गोष्ट आवर्जून विचारतो: अलीकडे कोणी तुमचा मॉनिटर नवीन एचडीएमआय केबलने जोडून दिलाय का? विंडोज कधी कधी आवाज त्या मॉनिटरकडे वळवतं आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. आपण तासन्‌तास मशीन मेलंय असं समजून बसतो. ती केबल उपसून बघा. तरीही शांतता असेल तर यूएसबी हेडफोन लावा. त्यात स्वतःचं साउंड कार्ड असतं आणि विंडोज ते सहसा आपणहून ओळखतं. असा एक साधा हेडफोन मी कायम टेबलाच्या खणात ठेवतो.

कॅप्स लॉकचा दिवा अजिबात बदलला नाही तर मात्र कॅबिनेट उघडायची तयारी ठेवा. घाबरू नका, हे काम हातांचंच आहे. प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

आता रॅम, म्हणजे मशीनची मेमरी. तिच्या उभ्या पट्ट्या बोटाला लगेच सापडतात. टोकाचा खटका बाहेर दाबला की पट्टी सुटते. तिच्या खालच्या कडेला एक खाच असते, ती बरोबर मध्यावर नसते, म्हणून पट्टी उलटी बसतच नाही. ती खाच चाचपून जुळवा, दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, खटका ‘टक्’ वाजला की बसली. २०२० च्या पावसाळ्यात एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच मला मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड) गेल्याचं सांगितलं होतं. मी रॅम काढली, पट्टीची सोनेरी कड खोडरबरने हलकेच घासली, कचरा झटकला, परत बसवली आणि एनव्हीडीए बोललं. आमच्याकडच्या दमट हवेत पट्टीची ती कड काळवंडते. तेव्हापासून तपासल्याशिवाय मी मदरबोर्ड गेल्याचं मान्य करत नाही.

बोर्डावर बीप देणारा छोटा स्पीकर असेल तर आणखी एक चाचणी करता येते. सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. बोर्ड जिवंत असेल तर तो बीप वाजवून तक्रार करतो. बीप आलीच नाही तर दोष बोर्ड, प्रोसेसर किंवा पॉवर सप्लायचा धरावा. बीपांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, ते फोनवर शोधा. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर हा स्पीकर नसतो, तो वेगळा विकत मिळतो.

मशीन चालू झालं की रॅमची पूर्ण तपासणी करून घ्या. विंडोज आर दाबून एम डी एस सी एच ई डी टाइप करा आणि लगेच रीस्टार्टचा पर्याय निवडा. तपासणी चालू असताना स्क्रीन रीडर बोलणार नाही, तेवढा वेळ धीर धरा. विंडोज परत आल्यावर निकाल इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत मेमरी डायग्नॉस्टिक्स या नावाखाली वाचता येतो. कोणाच्याही डोळ्यांची गरज पडत नाही.

एक जागा अशी आहे जिथे आपलं एकट्याचं चालत नाही: बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा मशीनच्या सेटिंगचा पडदा. तिथे स्क्रीन रीडर नसतो. मी बी माय आइज (व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवकाशी जोडून देणारं अ‍ॅप) उघडतो, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून पडद्याकडे रोखतो आणि स्वयंसेवकाला आधी फक्त सर्वांत वरची ओळ वाचायला सांगतो, नाहीतर ते आपल्या मनाने सारांश सांगतात. त्याच अ‍ॅपमधलं एआय वर्णनही उपयोगी आहे, पण बायोसमधला बदल जतन करण्याआधी माणसाकडूनच खात्री करून घ्या, कारण एआय आकडे चुकवतं.

आणि मशीन नीट झालं की त्याच दिवशी बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंतचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा: पंखा, डिस्क, विंडोजचा सूर. पुढच्या वेळी तो शेजारी वाजवून ताडता येईल की कोणत्या टप्प्यावर अडलंय.

आज कॅप्स लॉकची चाचणी करा आणि काय झालं ते खाली लिहा. दिवा बदलला की नाही, एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल.