शब्दशंका : कल्पित, काल्पनिक आणि खोटे

प्रश्न : आमच्या वाचनालयात कथा-कादंबऱ्यांच्या कपाटावर मी ‘काल्पनिक साहित्य’ अशी पाटी लावली. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा ती पाहून म्हणाले, “मॅडम, म्हंजे हे खोट्याचं कपाट म्हणा की!” इंग्रजीत ज्याला ‘फिक्शन’ म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द कोणता? काल्पनिक, कल्पित आणि ललित हे एकच का?
— एक ग्रंथपाल, अंबाजोगाई

उत्तर : आजोबांचा टोमणा पाटीला लागू पडतो, पुस्तकांना नाही. ‘काल्पनिक’ हा शब्द मराठीत नेहमी ‘वास्तविक’च्या समोर उभा असतो, काल्पनिक भीती किंवा काल्पनिक संकट म्हटले की जे प्रत्यक्षात नाही त्याकडेच बोट जाते. ‘कल्पित’ त्याचाच सख्खा भाऊ असला तरी त्याचा स्वभाव वेगळा आहे. ज्या ‘कॢप्’ धातूवरून तो आला, त्याचा जुना अर्थ जुळणे, योग्य होणे असा असून त्याच्या प्रयोजक रूपाचा अर्थ जुळवणे, रचणे, घडवणे असा होतो. ‘मनात आणणे’ ही अर्थाची पुढची पायरी आहे. योगायोग असा की ‘फिक्शन’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्या ‘फिंगेरे’चा अर्थही मातीला आकार देणे, घडवणे असाच आहे. आकृती या अर्थाचा ‘फिगर’ हा शब्दही त्याच घरातला. चाकावरून उतरून भट्टीत भाजलेले मडके बाजारात आले की गिऱ्हाईक ते खरे की खोटे असे विचारत नाही. बोटाने टिचकी मारून, वाजवून घेते. कादंबरीही अशीच वाजवून घ्यायची असते.

तरीही आजोबांचा संशय अगदीच निराधार नाही, कारण घडवण्याचे आपले कितीतरी शब्द घसरत घसरत फसवणुकीपर्यंत गेले आहेत. ‘बनावट’ हा मुळात बनवण्याचाच शब्द, पण बनावट नोट आणि बनावट सातबारा यांपलीकडे आज तो क्वचितच दिसतो. ‘बनाव’ म्हटले की कट आठवतो, ‘रचलेला पुरावा’ म्हटले की खोटी केस आठवते, आणि ‘कपोलकल्पित’ म्हणजे तर नुसत्या गालातल्या गालात जन्मलेले. फरक हेतूचा आहे. बनावट सातबारा खरा म्हणून खपवला जातो; कादंबरी मात्र मुखपृष्ठावरच ‘कादंबरी’ असे छापून येते, म्हणून तिला खोटेपणाचा आळ लावता येत नाही. कायदासुद्धा अशी उघड कल्पना वापरतो. मंदिरातल्या देवाला आपला कायदा व्यक्ती मानतो, त्यामुळे जमीन देवाच्या नावावर राहू शकते. देवस्थान इनामाच्या जमिनी आपल्याकडे काही थोड्या नाहीत. ‘असे मानण्यात येईल’ हे अधिनियमांतले ठरीव शब्द वाचताना आपण एका कल्पितासमोर उभे आहोत, हे सहसा ध्यानात येत नाही इतकेच.

‘ललित’ मात्र तुमच्या कपाटासाठी घेऊ नये. ललितलेखात लेखकाची खरीच आई आणि खरेच गाव असू शकते; तो शब्द लिहिण्याच्या ढंगाविषयी बोलतो, मजकूर घडलेला की घडवलेला याविषयी नाही. ‘कथात्म साहित्य’ अभ्यासकांच्या लेखनात शोभते, कपाटावर जड वाटते. साधे ‘कथा-कादंबरी’ लिहा. ‘कादंबरी’ हे सातव्या शतकात बाणभट्टाने लिहिलेल्या संस्कृत गद्यकथेतल्या नायिकेचे नाव. हिंदी-बंगालीने ‘उपन्यास’ घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’. मराठीने आणि कन्नडने मात्र एका कल्पित मुलीचे नाव उचलून सगळ्या जातीलाच दिले.

प्रश्न : ‘कथा’ आणि ‘आख्यायिका’ यांत खरी कोणती आणि रचलेली कोणती?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : कोणत्या काळात विचारता, त्यावर उत्तर उलटते. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘आख्यायिकोपलब्धार्था’ म्हटले आहे, म्हणजे जिचा विषय आधीच ठाऊक आहे ती आख्यायिका. आणि ‘प्रबन्धकल्पना कथा’, म्हणजे जिची रचना कल्पनेतून झाली ती कथा. म्हणून हर्ष राजावरचे ‘हर्षचरित’ ही बाणाची आख्यायिका, आणि ‘कादंबरी’ ही त्याची कथा. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीला हा भेद पटला नव्हता. ही एकच जात असून तिला नावे दोन आहेत, असे तो ‘काव्यादर्शा’त बजावतो. आज मराठीत ‘अशी आख्यायिका आहे’ म्हणणारा लेखक खरेपणाची जबाबदारी अंगावरून झटकत असतो. शब्द पूर्ण फिरला.

सातवाहनांची राजधानी असलेल्या आपल्या पैठणचेच पाहा. गुणाढ्य नावाच्या कवीने ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रक्ताने लिहिली, सातवाहन राजाने ती झिडकारली, तेव्हा तो रानात एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला आणि पशू चरणे सोडून ऐकत उभे राहिले; राजा धावत आला तोवर एकच लाख उरले होते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त हे सांगितले आहे. मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. तेव्हा ग्रंथ हरवला ही वस्तुस्थिती, त्यातल्या गोष्टी अमरकोशाच्या अर्थाने कथा, आणि तो जळाल्याची हकिगत आजच्या अर्थाने आख्यायिका.

तेराव्या शतकातल्या आपल्या पहिल्या मोठ्या गद्यानेही हा विवेक पाळलेला दिसतो. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त जमवून लिहिल्या, त्यांना नाव दिले ‘लीळा’. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांसारखी जी गोष्ट चक्रधर समजावण्यासाठी सांगत, ती झाली ‘दृष्टांत’. एकीत घडलेले सांगायचे होते, दुसऱ्यात पटवून द्यायचे होते.

प्रश्न : ‘भाकडकथे’तले ‘भाकड’ म्हणजे काय? ‘गोष्ट’ हा शब्दही कुठून आला?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : देवणी गाईंच्या मुलखातून हा प्रश्न यावा याची गंमत वाटली. आटलेले, दूध न देणारे जनावर ते भाकड. जिच्यातून काहीच निघत नाही ती भाकडकथा. ती कल्पित असते म्हणून भाकड ठरत नाही; अगदी खरी हकिगतसुद्धा सांगणाऱ्याच्या तोंडी भाकड होऊ शकते, हे लग्नाच्या पंगतीत बसलेल्या कोणालाही माहीत आहे. ‘गोष्ट’ आला ‘गोष्ठी’वरून, म्हणजे जमून केलेले बोलणे. त्या ‘गोष्ठी’च्या मुळाशी ‘गोष्ठ’, म्हणजे गाई बांधायची जागा, जिचा मराठीत ‘गोठा’ झाला. म्हणजे गोष्ट काय आणि भाकडकथा काय, दोघींची दावण एकाच गोठ्यातली.