सासूबाईंचं सीटी सारखं सारखं काढायचं का?

प्रश्न : आम्ही निपाणीचे. सासूबाईंची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली, आता खोकला सुटेना म्हणून आधी गावातच एक्सरे केला, मग बेळगावला छातीचं सीटी, त्यात उजव्या फुप्फुसात ७ मिलिमीटरची गाठ निघाली. सहा महिन्यांनी परत सीटी करा म्हणालेत. मधेच दीर मिरजेला घेऊन गेले तर तिथं जुनं नीट न बघताच नवीन सीटी लिहून दिलं, ते अजून केलं नाही. व्हॉट्सअपवर आलंय की एक सीटी म्हणजे ४०० एक्सरे. खरं काय? आणि मला पाचवा महिना चालू आहे, मी त्यांच्यासोबत आत थांबले तर चालतंय का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, मिरजेत लगेच केलं नाहीत ते बरं झालं. आधी बेळगावच्या सेंटरमधून सीडी मागून घ्या, नुसती फिल्म नको. आपल्याकडं ती फिल्मची मोठी पिशवी काखेत मारून लोक बेळगाव, मिरज, कोल्हापूर सगळीकडं फिरतात, पण फिल्मवरची चित्रं एवढी एवढीशी, त्यावरून दुसरा डॉक्टर गाठ मोजणार कशी, मग तो सरळ नवीन सीटी लिहून मोकळा होतो. सीडीत सगळ्या स्लाइस, म्हणजे छातीचे पातळ पातळ काप दाखवणारी चित्रं असतात, कॉम्प्युटरवर मोठ्या करून बघता येतात. ती दाखवून "यावर भागतंय का?" एवढंच विचारा, लाजायचं कशाला.

४०० चं म्हणाल तर २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात जो तो सीटी काढत सुटला होता तेव्हा एम्सचे त्या वेळचे संचालक डॉ. गुलेरिया ३०० ते ४०० एक्सरे असं म्हणाले होते, त्यावर रेडिओलॉजिस्ट मंडळींनी हरकतही घेतली. छातीचा समोरून एक एक्सरे म्हणजे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (अंगाला लागणारं रेडिएशन मोजायचं माप), नेहमीचं सीटी ५ ते ७, म्हणजे आकडा अगदी हवेतला नाही, पण लो-डोस, म्हणजे कमी रेडिएशनचं सीटी दीडच्या आसपास येतं हे त्या मेसेजात कोण सांगत नाही. आणि माती, हवा, आकाश यातून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट असंच मिळतंय.

तेव्हा सहा महिन्यांनी जायचं ते लो-डोसच मागा. एवढी गाठ वाढली की नाही एवढंच बघायचं तर साधारणपणे कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) लागत नाही, आधी साधं आणि मग कॉन्ट्रास्टचं असं दोनदा काढलं तर डोस जवळजवळ डबल. सीडीत बहुतेक वेळा डोसचं एक पान असतं, त्यावर डीएलपी नावाचा आकडा असतो, त्याला ०.०१४ नं गुणलं की मोठ्या माणसाच्या छातीचे मिलिसिव्हर्ट निघतात. डीएलपी ४०० असेल तर ५.६, १०० असेल तर १.४. मागच्या वेळचा आकडा काढून ठेवा, पुढच्या वेळी टेक्निशियनला दाखवा.

आणखी एक, टेबलावर झोपल्यावर दोन्ही हात डोक्याच्या वर लागतात. हात अंगालगत राहिले की एक्सरेला त्यातूनही जावं लागतं, मशीन आपोआप जोर वाढवतं. सासूबाईंचा खांदा धरत असेल तर आधीच सांगा, खाली उशी देतात. श्वास रोखायचं घरीच चार वेळा करून घ्या, ऐन वेळी खोकला आला आणि चित्र हललं तर परत काढावं लागेल. मंगळसूत्र, धातूचे हूक घरीच काढून या.

पण भीतीपोटी सहा महिन्यांचं सीटी चुकवू नका हां, वखारीतली धूळ आणि ७ मिलिमीटरची गाठ, इथं न बघण्यातच जास्त धोका आहे.

तुम्ही मात्र आत थांबायचं नाही, अजिबात. धरायला माणूस लागलाच तर दीर लेड ॲप्रन घालून थांबतील, एरवी काही सेकंदांचं काम, टेक्निशियन काचेतून बघत असतो. बाहेर आल्यावर खुशाल हात धरून घरी न्या, सीटीचं रेडिएशन अंगात राहत नाही, बाळालाही काही होत नाही.