मासिकातल्या सल्ल्याच्या सदरावरून ॲनिमेशन वेब सिरीज करतोय. पात्रं कशी ठरवावीत?

पत्र लिहिणारीचा चेहरा आधी ठरवा, आणि तो तिचा नसू द्या. सगळे सल्ला देणाऱ्या ताईंचा चष्मा आणि अंबाडा रंगवत बसतात. ते शेवटी केलं तरी चालतं.

1993 साली माझ्या आईनं अशाच एका सदराला पत्र पाठवलं होतं. आम्ही नाशिकरोडला राहायचो, वडील प्रेसमध्ये. आईला घरी शिवणाचा क्लास काढायचा होता, वडिलांना ते पसंत नव्हतं, आजी अंथरुणाला खिळलेली. निळ्या अंतर्देशीय पत्राच्या दुमडायच्या पट्टीवरसुद्धा तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, खाली 'नाव छापू नये'. दोन महिन्यांनी छापून आलं. नाव खरंच नव्हतं. 'सौ. स., नाशिकरोड. पती प्रेसमध्ये, सासूबाई अंथरुणाला, दोन मुली, शिवणाची आवड.' आमच्या कॉलनीत अशी दुसरी बाई कोण असणार? पाणी भरताना शेजारच्या काकूंनी तिच्यासमोरच ते मोठ्यानं वाचलं. उत्तर चार ओळींचं: जुळवून घ्या. वडील आठवडाभर बोलले नाहीत. आईनं त्या पानावर माझ्या फ्रॉकची बाही आखली, कात्रीनं कापली, उरलेला कागद बंबात घातला. ती कागदाची बाही माझ्याकडे अजून आहे. तिच्यावर 'जुळवून' अख्खं आणि 'घ्या' निम्मं दिसतं. (हे आईला विचारून लिहितेय. "आता लिही," म्हणाली.)

म्हणून या कामाला ॲनिमेशनच हवं. कॅमेऱ्यासमोर बाई बसवली की तिचा चेहरा झाकावा लागतो, आणि झाकलेला चेहरा आरोपीसारखा दिसतो. चित्रात तिला उघडा चेहरा देता येतो. गाव बदला, नवऱ्याची नोकरी बदला, मुलं कमीजास्त करा. दुखणं तेवढं तसंच ठेवा.

याच मुद्द्यावरून कॉलेज रोडवरच्या आमच्या स्टुडिओत भागीदाराशी माझं वाजलं. एका शेतकरी बाईचं पत्र होतं. पीक आणि तालुका मी इथेही सांगणार नाही. तो म्हणायचा, ते काढलं तर खरेपणा जातो. अहो, त्या बाईनं 'दीर वाईट नाही' असं लिहून पुढचं वाक्य गिरवून गिरवून खोडलं होतं. खरेपणा त्या खोडण्यात होता, चित्रात ते यायला हवं होतं. त्यानं तालुक्याच्या नावासकट भाग बनवला, मी बाहेर पडले. चूक त्याचीच होती.

कामाचं थोडं. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी तीन मिनिटांना 2160 चित्रं होतात. पत्र वाचताना हात, कागद, खिडकी दाखवा, ओठ जुळवायची मेहनत वाचते.

हो, हक्कांचं राहिलंच. पत्राचा हक्क लिहिणारीचा. उत्तर लिहिणारा पगारी असला आणि वेगळा करार नसला, तर मालकाकडे फक्त नियतकालिकात छापण्यापुरता हक्क जातो, बाकी लेखकाचा. दोघांची लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल तर संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक उघडा, 1927 ते 1953. कर्वे 1953 साली गेले. लिखाणावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, त्यांचा 2013 अखेर संपला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 साली त्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. विचारलं त्याला कर्वे सरळ उत्तर द्यायचे. आईच्या पत्राला तसं एक मिळायला हवं होतं.